सोळाव्या क्रमांकाचे दत्तकविधान

वयाची अठ्ठावन्न वर्षे भरली की सरकारी माणसाला हार, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन घरी पाठवावे, ही रीत आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिच्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. परंतु ज्याचे वय कोणी मोजलेले नाही, ज्याच्याविरुद्ध कसलीही खातेनिहाय चौकशी प्रलंबित नाही आणि ज्याने स्वतः होऊन कधी अर्ध्या दिवसाची रजाही मागितलेली नाही, अशा एका निरुपद्रवी आकड्याला सेवेतून मुक्त केल्याचे वर्तमान दिल्लीहून आले, तेव्हा चेन्नईतल्या माझ्या घरी मी ते वर्तमानपत्र पुनःपुन्हा वाचले. 14 ऑगस्ट 2024 रोजी हॉकी इंडियाने पी. आर. श्रीजेश यांचा सत्कार केला आणि त्याच समारंभात सरचिटणीस भोलानाथ सिंह यांनी जाहीर केले की, यापुढे भारताच्या वरिष्ठ पुरुष संघात 16 क्रमांकाचा सदरा कोणीही घालणार नाही. निरोप समारंभ मनुष्याचा होता. बडतर्फीचा हुकूम निघाला तो क्रमांकावर.

श्रीजेश यांच्या थोरवीविषयी वाद घालण्याइतका मी कृतघ्न नाही. टोकियोला 41 वर्षांनी हॉकीचे पदक आले तेव्हा आणि पुन्हा पॅरिसला स्पेनवर 2-1 असा विजय मिळाला तेव्हा हा गृहस्थ गोलाच्या आडव्या दांडीवर जाऊन बसला, ते दृश्य अवघ्या देशाने पाहिले; पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास यांना लाल पत्र मिळाल्यावर दहा माणसांनी ब्रिटनला चाळीसहून अधिक मिनिटे थोपवून धरले आणि मग शूटआउटमध्ये श्रीजेश उभे राहिले, तेही सर्वांना ठाऊक आहे. माझी शंका निराळी, काहीशी दफ्तरी स्वरूपाची आहे. गोलरक्षकाच्या पाठीवरचा आकडा पाहतो कोण? त्याच्या पाठीशी असते ते जाळे, आणि जाळ्यामागे छायाचित्रकार. प्रतिपक्षाच्या आघाडीच्या खेळाडूला तो आकडा निवांत वाचण्याची संधी मिळायची तर त्याने चेंडूसह श्रीजेश यांना ओलांडून पुढे गेले पाहिजे, आणि तसे जाणे फार थोड्यांच्या नशिबी आले. तात्पर्य, ज्या क्रमांकाला एवढा मान मिळाला तो ज्यांनी जवळून वाचला, ते बहुतेक सारे गोल करून परतणारे शत्रूच होते.

ही शंका मी आमच्या वरच्या मजल्यावरील रावजींपुढे मांडली. रावजींचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या लष्कराबरोबर तंजावरला आले आणि तेथेच राहिले. मी नोकरीनिमित्त मद्रासला आलो आणि तसाच राहिलो. त्यामुळे आम्हा दोघांत शेजारधर्माखेरीज एक ज्येष्ठ-कनिष्ठ स्थलांतरिताचे नातेही आहे, व त्यातील ज्येष्ठत्वाचा हक्क ते यत्किंचितही सोडीत नाहीत. माझी शंका त्यांनी क्षुल्लक म्हणून बाजूस सारली. कॉफीचा पेला खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, “अहो, हा सरळसरळ खालसा केला की! निपुत्रिक म्हणून खालसा!”

रावजींच्या हृदयात 1855 हे साल एखाद्या न उतरलेल्या काट्यासारखे रुतून बसले आहे, हे सांगितल्यावाचून पुढचा मजकूर कळणार नाही. त्या वर्षी तंजावरचे दुसरे शिवाजीराजे पुरुषसंततीवाचून वारले आणि साताऱ्याला, नागपूरला व झाशीला लावलेलाच न्याय लावून कंपनी सरकारने ती गादी नाहीशी केली, इतकेच नव्हे तर राजांची खाजगी मिळकतही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी कंपनीवर दावा लावला तो याच मद्रास शहरातल्या सुप्रीम कोर्टात, आणि आश्चर्य म्हणजे तेथे बाईसाहेबांची सरशी झाली. परंतु 1859 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा फैसला दिला की जे झाले ती राजसत्तेची कृती आहे, ती न्याय्य असो वा नसो, तिच्यात हात घालण्याचा कोणत्याही न्यायालयाला अधिकार नाही. हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. रावजींच्या मते हॉकी इंडियाची घोषणा याच जातीची आहे: तिच्यावर अपील नाही, तिच्याविरुद्ध दाद नाही, आणि सर्वांत मोठा अन्याय म्हणजे मूळ पुरुष हयात असताना, चांगला धडधाकट आणि हसतमुख असताना, त्याला दत्तक घेण्याची मुभाच ठेवलेली नाही.

मी म्हणालो, “पण रावजी, हा सन्मान आहे. सचिनच्या दहाचे काय केले?”

हा प्रश्न मी विचारायला नको होता असे नव्हे, पण त्यामुळे दुपारची झोप गेली. दहा क्रमांकाची कथा प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. 2017 च्या ऑगस्टअखेरीस कोलंबोला पालघरचा शार्दूल ठाकूर पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला तो पाठीवर 10 घेऊन, आणि घरोघरी असा आकांत झाला की जणू त्याने तो सदरा तेंडुलकरांच्या दोरीवरून वाळत असताना ओढून आणला होता. बिचाऱ्याने पुढे 54 घेतला आणि क्रिकेट नियामक मंडळाने कसलाही लेखी हुकूम न काढता दहाचा आकडा गुपचूप पेटीत घातला. रावजींचा युक्तिवाद असा की दत्तक घ्यायचा तर शास्त्राप्रमाणे आधी भाऊबंदांतला पाहावा. येथे मुलगा मुंबईच्याच मैदानांतला, भाषेने मराठी, उपनगरी गाडीत किट सांभाळून उभा राहिलेला, म्हणजे याहून जवळचा सपिंड तो कोणता? आणि तोही नामंजूर! पुढे धोनीचा सातही त्याच पेटीत गेला. तथापि चेन्नईत हा कायदा चालत नाही हेही नमूद केले पाहिजे. चेपॉकच्या सामन्याच्या दिवशी मेट्रोत चढावे तर पिवळ्या सदऱ्यांवर साताखेरीज दुसरा आकडा दिसत नाही, आणि वाटते की या शहराने उरलेले नऊ अंक खालसा केले आहेत.

परदेशांत या सन्मानाची परिणती कोठवर जाते ते पाहिले की गणितज्ञांनी आताच सावध व्हावे. न्यूयॉर्कच्या यांकी नावाच्या बेसबॉल संघाने थोर पुरुषांच्या गौरवार्थ एकापासून नऊपर्यंतचे सर्व अंक एकेक करून निवृत्त केले आहेत. तेथे उद्या होतकरू मुलगा आला तर एकेरी आकड्यांत त्याच्यासाठी शून्य शिल्लक आहे, आणि पदार्पणालाच शून्य कोण पाठीवर घेईल? अर्जेंटिनाने 2002 च्या विश्वचषकात मॅराडोनाचा दहा रिकामा ठेवायचे ठरवले, तर फुटबॉलच्या जागतिक महासंघाने बजावले की एक ते तेवीस हे आकडे क्रमाने भरलेच पाहिजेत. झाले, दहा ऑर्तेगाच्या पाठीवर चढला. नियमावलीपुढे देवाचेही चालत नाही, याचा मला सरकारी नोकरीत राहिल्यामुळे विशेष आनंद झाला.

आता धनराजविषयी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या परिसरात, तमिळ आईबापांच्या पोटी जन्मलेला आणि अस्सल पुणेरी मराठी बोलणारा हा धनराज पिल्ले म्हणजे रावजींच्या आणि माझ्या मधली एकमेव निर्विवाद सामाईक मिळकत. मी त्याला महाराष्ट्राचा म्हणतो, ते त्याला तमिळ मातीचा म्हणतात, आणि खाली इस्त्रीवाल्याचा मुलगा आम्हा दोघांनाही विचारतो की हे कोण. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चँपियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा असा ज्याचा चौपदरी हिशेब आहे, त्याच्या नेतृत्वाखाली 1998 च्या डिसेंबरात बँकॉकला 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण आले. अंतिम सामन्यात कोरियाशी बरोबरी झाल्यावर गोलरक्षक आशिष बल्लाळने फटके अडवले आणि भारत जिंकला. यावर त्या वेळच्या महासंघाने काय केले? धनराज, बल्लाळ आणि आणखी काही मोहऱ्यांना, ‘विश्रांती’ या गोंडस सबबीखाली, पुढच्याच दौऱ्यातून वगळले. त्या काळी क्रमांक कायम ठेवीत आणि माणूस काढीत; आता माणूस सन्मानाने जातो आणि क्रमांक काढतात. प्रगती झाली हे मी मान्य करतो. तरी त्या विजयी संघातल्या कोणाचाही आकडा पेटीत गेला नाही, हे रावजी विसरत नाहीत. आणि मेक्सिकोला 1968 साली कांस्य मिळवणाऱ्या संघातले मद्रासचे गोलरक्षक मुनीर सेट यांचेही नाव ते आवर्जून जोडतात, कारण त्यांच्या मते अन्याय मोजायचा तर निदान मद्रासपासून मोजावा.

श्रीजेश यांना मी पाहिले ते एग्मोरच्या मेयर राधाकृष्णन मैदानावर, 11 ऑगस्ट 2023 च्या रात्री. आशियाई चँपियन्स करंडकाचा उपांत्य सामना, समोर जपान, आणि श्रीजेश यांचा तो 300 वा आंतरराष्ट्रीय सामना. सामन्यापूर्वी निळ्या टर्फवर चोहोबाजूंनी पाण्याचे फवारे सुटले तेव्हा प्रेक्षकांत एक क्षण विलक्षण शांतता पसरली. 2019 च्या उन्हाळ्यात जोलारपेटहून आगगाडीने पाणी आणलेल्या शहरात, गवतही नसलेल्या गवताला अंघोळ घालताना पाहून प्रत्येकजण मनात बादल्या मोजीत असावा. रावजी मोठ्याने मोजीत होते. सामना 5-0 असा एकतर्फी झाला, म्हणजे ज्याच्या त्रिशतकासाठी आम्ही गेलो तो बहुतांश वेळ रिकामा उभा. पण तो उभा कसा राहतो हे पाहण्यातच तिकीट वसूल झाले. चेंडू नव्वद यार्डांवर असतानाही त्याचे तोंड बंद नसे. हेल्मेट वर ढकलून, त्या अगडबंब हातमोज्याने दिशा दाखवीत तो बचावफळीला एखाद्या मामलेदारासारखा सतत काहीतरी फर्मावीत होता, आणि दहा तरणीबांड पोरे ते निमूट ऐकत होती. दुसऱ्या रात्री मलेशियाविरुद्ध मध्यंतराला 1-3 अशी पिछाडी असताना रावजी घरी जायला निघाले होते. 4-3 असा विजय त्यांनी फाटकाशी उभे राहून पाहिला.

मग मला बर्फावरच्या हॉकीतला एक जुना दाखला सापडला आणि आमच्या खलबताला वळण लागले. टोरंटोच्या मेपल लीफ्स संघातल्या एस बेली याला 1933 च्या डिसेंबरात बोस्टनच्या खेळाडूच्या धडकेने डोक्याला भीषण दुखापत झाली. जीव वाचला, खेळ संपला. 14 फेब्रुवारी 1934 रोजी त्याच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात त्याचा सहा क्रमांक कायमचा बाजूला ठेवला गेला. त्या खेळातला हा पहिलाच असा मान. चौतीस वर्षे तो आकडा तसाच राहिला, आणि मग 1968 साली दस्तुरखुद्द बेलीनेच सांगितले की रॉन एलिस या पोराचा खेळ मला पसंत आहे, माझा सहा त्याला द्या. संघाने दिला, एलिस खेळातून गेल्यावर आकडा पुन्हा जागेवर. हे ऐकताच रावजी खुर्चीतून उठले. “दत्तकविधान!” ते म्हणाले. “कामाक्षीबाईसाहेबांना हेच तर हवे होते!”

आमचे मत या दाखल्यावर पक्के झाले आहे. क्रमांक खालसा करू नये. तो मूळ पुरुषाकडे वतन म्हणून हयातभर ठेवावा, आणि योग्य पोरगा दिसला की त्याच्या सहीने दत्तक द्यावा. सुदैवाने हॉकी इंडियाने स्वतःच एक फट उघडी ठेवली आहे: सोळा निवृत्त झाला तो फक्त वरिष्ठ संघात, कुमार संघात नव्हे, आणि कुमार संघ सोपवला तो श्रीजेश यांच्याकडेच, या अपेक्षेने की त्यांनी तेथे दुसरा श्रीजेश घडवावा. उत्तम. पण याचा अर्थ असा की एखाद्या पोराने कुमार म्हणून सोळा घालून पराक्रम करावा, त्या पराक्रमाबद्दल त्याला बढती मिळावी, आणि बढतीच्या हुकुमाबरोबरच सदरा सरकारजमा व्हावा. इतकी वर्षे सरकारी सेवेत काढली, पण बढतीबरोबर जप्ती मी कोठे पाहिली नाही.

म्हणून 2025 च्या नोव्हेंबरअखेरीस कुमार विश्वचषक चेन्नईत आणि मदुराईत सुरू झाला तेव्हा, श्रीजेश मैदानाच्या कडेला उभे असलेले पाहून, आम्ही हॉकी इंडियाच्या नावे एक अर्ज लिहायला घेतला. मसुदा रावजींचा, शुद्धलेखन माझे, टंकलेखन त्यांच्या नातीचे. पहिले कलम वतनाचे, दुसरे सहीचे, तिसरे साक्षीदारांचे; साक्षीदार म्हणून धनराज असावा यावर एकमत झाले, त्याचा पत्ता पुणे लिहावा की मद्रास यावर झाले नाही. चौथे कलम शिस्तीचे: दत्तक वारसाने एकाच सामन्यात पाच गोल स्वीकारल्यास क्रमांक मूळ पुरुषाकडे परत जाईल. बेल्जियमविरुद्ध शूटआउटमध्ये आमचा गोलरक्षक प्रिन्सदीप असा काही खेळला की नात म्हणाली, कलम फार सौम्य आहे, चार करा. रावजींनी विचार करतो म्हटले. 7 डिसेंबरला उपांत्य सामन्यात जर्मनीने 5-1 असे हरवल्यावर ते रात्री खाली आले, मसुदा मागून घेतला आणि पाचाचे सहा केले. 10 तारखेला अर्जेंटिनाविरुद्ध 0-2 वरून 4-2 अशी मुसंडी मारून पोरांनी कांस्य मिळवले, तेव्हा आता आकडा पूर्ववत पाच करायला हरकत नाही, असे मी सुचवून पाहिले. परंतु रावजींनी, उदारपणे दिलेली सवलत मागे घेणे ही कंपनी सरकारची चाल आहे, असे सांगून मला गप्प केले, आणि नातीला सहाच छापायला लावले.