लाटसाहेबाचं बारसं

लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरी फारसं कोणी काही विचारत नाही. उत्रोलीच्या घरावर स्लॅब पडला तेव्हा मला विचारलं नाही, बैल विकून ट्रॅक्टर घेतला तेव्हाही नाही. हक्कसोडपत्राच्या वेळी तेवढी आठवण झाली, तीही सहीपुरती. पण एक हक्क असा आहे, की तो कुठल्याही दुय्यम निबंधकापुढे सोडता येत नाही. भावाला मूल झालं की पाळण्यात वाकून कुर्रर्र करायचं ते आत्यानेच. दादाला मुलगा झाल्याचा फोन आला आणि धनकवडीत बसल्या जागी मी पदर खोचला.

गुरुजींनी फोनवरच पत्रिका मांडली. भरणी नक्षत्र, चौथं चरण, अक्षर ‘लो’. अवकहडा चक्रात भरणीच्या वाट्याला ली, लू, ले, लो एवढंच आलंय. ‘लो’ म्हटलं की मराठी माणसाला आधी लोणचं आठवतं, मग लोणी, मग लोकसभा. माणसांच्या नावांत लोकेश, लोकनाथ, लोमेश, की संपलं. दादा म्हणाला, “लोकेश काय वाईट आहे?” वाईट काहीच नव्हतं. पण वर्षानुवर्षं न वापरलेला अधिकार लोकेशवर खर्च करायचा, हे मला पटेना. शिवाय वहिनीच्या अटी होत्या. नाव कुणाचंच नसलेलं हवं, कारण अंगणवाडीत एका शिवांशला हाक मारली की सगळी सतरंजी उठून उभी राहते. आणि परदेशात तिथल्या लोकांना ते नीट म्हणता आलं पाहिजे. बाळाची नाळ अजून पडायची होती, पण अमेरिकेला जायचं नक्की झालं होतं.

मग रात्रीची भांडी आवरली की मी मोबाईल घेऊन बसायला लागले. नावांच्या बाबतीत अमेरिकन लोक फार शिस्तीचे. त्यांचं सोशल सिक्युरिटी खातं थेट १८८० सालापासूनच्या बाळांची नावं मोजून लोकांसमोर ठेवतं. फक्त वर्षात पाचांपेक्षा कमी पोरांना मिळालेलं नाव ते जाहीर करत नाही, कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून. इंग्लंडवाले तिनापर्यंत खाली उतरतात. म्हणजे खरोखरचं दुर्मिळ नाव यादीत सापडणार नाही, आणि सापडलं तर ते तितकं दुर्मिळ नाही. या चक्रव्यूहातून मीच वाट काढली. एके काळी खूप चाललेलं आणि आता मागे पडलेलं नाव घ्यायचं. तिकडे जुनं, इकडे कोरं.

असं करत करत ‘लॉईड’ हाती लागलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या शंभरात असलेलं, पुढे घसरत गेलेलं. मूळ वेल्श भाषेतलं. अर्थ करडा, राखाडी. पिकल्या केसांवरून काही जण ‘शहाणा, वडीलधारा’ असाही अर्थ लावतात. मी अर्थातच तो दुसरा धरला. वेल्श लोक सुरुवातीला दोन एल लिहितात आणि टाळूला जीभ लावून कडेने हवा सोडतात. आरशासमोर मी तेही करून पाहिलं. आतून आवाज आला, “चहाने तोंड पोळलं का?”

‘लो’च्या ठिकाणी ‘लॉ’ चालेल का, असं गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “दक्षिणा ऑनलाईन चालेल का विचारलंत, तेव्हा मी नाही म्हणालो का?” शास्त्राधार मिळाला.

घरच्या ग्रुपवर नाव टाकलं. पहिलं उत्तर चुलत भावाचं, “वॉरंटी किती वर्षांची? एक टनाचा की दीड?” एसीवर तेच नाव असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण आमच्याकडे एसी नाही. दुसरं उत्तर काकांचं. क्लाईव्ह लॉईडने १९७५ आणि १९७९ असे दोन्ही वर्ल्ड कप कसे उचलले, याचा मोठा मजकूर आणि शेवटी, “पोरगं डावखुरं आहे का?” वहिनीने मात्र लाल बदाम पाठवला. पोराची आई आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर मी कोणाला ऐकते! चांदीचा वाळा घेतला आणि बारशाच्या सकाळी भोरची एसटी पकडली.

अण्णा ओसरीवरच बसले होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. चप्पल काढायच्या आत तास सुरू झाला.

“लॉईड म्हणजे कोण, ठाऊक आहे का?”

“वेल्श...”

“कापूरहोळवरून येताना खिडकीतून बाहेर बघितलंस का? भाटघरचं धरण. त्याचं इंग्रजांनी ठेवलेलं नाव काय? लॉईड धरण!”

मी भोर तालुक्यात वाढले, त्या धरणावर सहलीला गेले, पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे उघडले की पाण्याचा फेस बघायला दादाच्या सायकलवर डबलसीट गेले. जन्मात कधी कुणाच्या तोंडून लॉईड ऐकलं नव्हतं. अण्णांना मात्र सगळं पाठ. येळवंडी नदीवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच एक धरण बांधलं होतं. त्याच्या तळ्याला व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरचं नाव दिलं. पुढे मोठं धरण घातलं, ते १९२८ साली पुरं झालं आणि त्याला मुंबईच्या गव्हर्नरचं, जॉर्ज लॉईडचं, नाव लागलं. हा गृहस्थ १९१८ च्या डिसेंबरात आला आणि १९२३ साली गेला, म्हणजे पाणी भरायच्या आधीच. त्याच्याच अमदानीत, १९२२ साली, गांधीजींना अटक झाली. सिंधमध्ये सक्करचा बंधाराही त्याच्याच नावाचा. आणि तो इकडे असताना विलायतेत काही वर्षं पंतप्रधान कोण? लॉईड जॉर्ज. तिकडे लॉईड जॉर्ज, इकडे जॉर्ज लॉईड.

“कुणाचंच नसलेलं नाव पाहिजे होतं ना?” अण्णा म्हणाले. “हे नाव आपल्या उशाला तेवीस टीएमसी पाणी घेऊन पडलंय!”

मी म्हटलं, “अण्णा, ज्या तालुक्यात रोहिड्याला विचित्रगड म्हणतात, तिथे एवढं चालायचंच.”

“चालायचंच,” अण्णा म्हणाले. “१६५९ साली उत्रोलीचे खंडोजी खोपडे अफझलखानाला मिळाले. त्याची बोलणी गाव अजून खातंय. आता तू लॉईडला मिळ.”

आतून आजी आली. आजीचं माहेर वेळवंड खोऱ्यातलं. तिच्या आजाची भातखाचरं भाटघरच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरून वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडलं, की ती अजून चिखल तुडवत दर्शनाला जाते आणि येताना बोटाने दाखवते, हितं आमची ताल होती, हितं आंबेमोहर व्हायचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “जमीन आमची, पानी बारामती-फलटनला, आन् नाव आता आमच्याच पाळन्यात व्हय?”

यावर बोलण्यासारखं खूप होतं, पण तेवढ्यात गल्लीत टेम्पो थांबला आणि वहिनीचा भाऊ फ्लेक्स घेऊन उतरला. त्याने फ्लेक्सवाल्याला नाव फोनवर सांगितलं होतं. चार बाय सहाच्या फ्लेक्सवर कडेने फुगे, मधोमध गॉगल लावलेलं बाळ आणि खाली ठळक अक्षरांत: ‘चि. लाईट यांचे नामकरण सोहळ्यास आपले सहर्ष स्वागत.’

फ्लेक्स परत पाठवायला वेळ नव्हता. बायका जमल्या होत्या, घुगऱ्यांची पातेली उतरली होती. वरवंट्याला तेल-कुंकू लावून, टोपडं घालून त्याला आधी पाळण्याखालून-वरून फिरवलं, मग बाळाला. गोविंद, गोपाळ, सगळे देव घेऊन झाले. मग मी वाकले. सगळ्या खोलीचे डोळे माझ्या पाठीवर, काही जणींचे हातही तयार. मी बाळाच्या कानात मनापासून म्हटलं, “कुर्रर्र... लॉईड!” तेही शुद्ध वेल्श. जीभ टाळूला, हवा कडेने. बाळाच्या कानात थुंकी उडाली आणि त्याने भोकाड पसरलं.

रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे बसले. रीतीचे धपाटे मला ओळखू येतात. त्या दिवशी काही रीतीबाहेरचे होते आणि एक नक्की आजीचा होता.

मागच्या बायका विचारायला लागल्या, “काय ठेवलं गं?” पुढचीने फ्लेक्सकडे बघून सांगितलं, “लाईट.” तेवढ्यात डोक्यावरचा पंखा गरगरत मंद झाला, माईक खरखरला आणि बाहेरून कोणीतरी ओरडलं, “गेली! लाईट गेली!”

आजीने कानांवर हात ठेवले. “शुभ बोल रे नाऱ्या!” गुरुजींनी घाईघाईने अक्षता टाकल्या. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तो लाल बदाम आता तिच्या डोळ्यांत उतरला होता. बऱ्याच वेळाने पंखा फिरला आणि अंगणातली पोरं नाचायला लागली, “आली रे आली, लाईट आली!” नाव ठेवल्यावर गावाने एवढा जल्लोष केलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, पण बाळाचं नाव त्या वेळी द्यायलाच हवं असं नाही. वर्षभरात ते फुकट भरता येतं आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. दादाने पंधरा वर्षं थांबायचा धोका पत्करला नाही. मी पुण्याची एसटी धरल्यावर तो गेला आणि लोकेश लिहून आला.

पण घरात लोकेश कोणी म्हणत नाही. सरकारने लॉईड धरण म्हटलं तरी लोक भाटघरच म्हणत राहिले. पुढे भुतोंड्याच्या येसाजी कंकांचं नाव जलाशयाला दिलं, त्यांचा सगळ्यांना अभिमान, तरी एसटीत तिकीट भाटघरचंच काढतात. हाक कोणत्या नावाने मारायची, हे हाक मारणारा ठरवतो. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. मुंबईच्या गव्हर्नरला आपल्याकडे लाटसाहेब म्हणत, तेव्हा आमचा भाचा लाटसाहेब. “लाटसाहेब उठले का?”, “लाटसाहेबांची दुपटी बदला.” आजीसुद्धा मांडीवर घेऊन त्याला लाटसाहेबच म्हणते आणि वर भातखाचरांची भरपाई मागते. माझा मुद्दा असा, की शेवटी नाव मीच ठेवलं. फक्त ते मराठीत आलं.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. मी तयारीला लागले आहे, पण या खेपेला पद्धतशीर. इंग्रजी नाव आवडलं की आधी धरणं तपासते. खडकवासल्याला फाईफ साहेब बसलेत, भंडारदऱ्याला विल्सन. मुलगा झाला तर आर्थर बरं वाटत होतं. पण भंडारदऱ्याच्या तळ्याला तेही लागलंय, आणि अण्णा नेमके तिकडे काजवे बघून आलेत.