एका आकड्यानं हुकली

आमच्या पेठेतल्या तात्यांना ‘कसं काय?’ असं कुणी विचारत नाही. ‘लागली का?’ असंच विचारतात. उत्तरही ठरलेलं : ‘हुकली रं! एका आकड्यानं.’ परवा मी तिकीट हातात घेऊन बघितलं. हुकलेला आकडा नेमका दहा हजारांच्या घरातला. पण तात्यांच्या लेखी लक्ष्मी दारापर्यंत आली, कडी वाजवली आणि शेजारी गेली.

हाच माणूस कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत मेथीच्या जुडीमागं दोन रुपये सुटावेत म्हणून पाच मिनिटं हुज्जत घालतो. मिसळीला कट सढळ हातानं मिळतो म्हणून दोन हॉटेलं ओलांडून तिसऱ्यात जातो. लॉटरीच्या स्टॉलवर मात्र दर आठवड्याला शंभराची नोट अशी काढतो, जणू अंबाबाईच्या पेटीत टाकतोय. नंबर निवडायचं शास्त्रही आहे : सकाळी पहिली दिसलेली केएमटी बस, तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे. ‘नाद’ म्हटलेलं खपत नाही. ‘मटका न्हवं ह्यो! सरकारी हाय, 1969 पास्नं चालू हाय.’

वीस वर्षांत एकदा खरंच लागली. वीस हजार. दहा हजारांवरच्या बक्षिसावर 30 टक्के कर, म्हणून सहा हजार कापून चौदा हातात आले. ‘आन् आमच्या जुन्या तिकिटांचा खर्च? त्यो वजा करा की!’ तात्या कर सल्लागारावर उखडले. तो म्हणाला, लॉटरीच्या बक्षिसातून खर्च एक रुपयाचाही वजा होत नाही. चौदातले निम्मे पेठेच्या तांबड्या-पांढऱ्यात गेले. उरलेल्या निम्म्यांची तात्यांनी तिकिटं घेतली.

शेवटी मीच वही काढली. आठवड्याला शंभर, वीस वर्षं, म्हणजे एक लाख चार हजार. त्यात 2025च्या सप्टेंबरपासून लॉटरीवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्क्यांवर गेलेला. शिवाय नंबर पाच आकडी, म्हणजे सगळे आकडे जुळायची शक्यता लाखात एक. ‘तात्या, आठवड्याला एक तिकीट धरलं तर लाख तिकिटांना एकोणीसशे तेवीस वर्षं लागतात. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीवर सातवाहनांची वस्ती होती, तेव्हापासून काढत आला असता, तर सरासरीनं आत्ता कुठं एकदा लागली असती.’

तात्यांचे डोळे चमकले. ‘म्हंजे जवळच आलीया की!’

मी वही मिटली. काकू चहा घेऊन आल्या. त्यांचीही आठवड्याला शंभराचीच भिशी, गल्लीतल्या बायकांची. चिठ्ठ्या तिथंही निघतात, पण प्रत्येकीची पाळी येतेच. त्या पाळ्यांतून मिक्सर आला, शिलाई मशीन आलं, गेल्या दिवाळीत फ्रिज आला. त्याच फ्रिजवर तात्यांचा जुन्या तिकिटांनी गच्च भरलेला बिस्किटांचा डबा ठेवलेला असतो.

‘तात्या, तुम्ही पण भिशीच लावा की,’ मी म्हटलं.

तात्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. ‘त्यात कसली मजा? ती लागणारच की!’