लिंबाखालून मांडवीत

महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा केला १९७६ साली. राज्यात तेव्हा कॅसिनो एकही नव्हता, पण त्याचा परवाना कुणाला द्यायचा, त्यावर कर कसा घ्यायचा, हे सगळं कलमवार ठरवून झालं. मग तो कायदा जो झोपला तो झोपलाच. अंमलात कधी आला नाही, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं नियंत्रण होतं, कर होता, फक्त कॅसिनो नव्हता. आम्हा अंकुशनगरच्या लोकांना याचं नवल नाही. कालव्याच्या टेलला पाणीपट्टी पाण्याच्या आधी पोचते, हे आम्ही बघत आलोय.

गंमत अशी की त्याच १९७६ साली गोव्याने बरोबर उलटा कायदा केला, जुगारबंदीचा. त्याला १९९२ मध्ये एक भोक पाडलं : पंचतारांकित हॉटेलात नाणी टाकायची यंत्रं चालतील. १९९६ मध्ये दुसरं : जहाजावर पत्त्यांची टेबलंही चालतील. त्या दोन भोकांतून आज मांडवीत अख्खी जहाजं उभी आहेत. म्हणजे जिथे परवानगीचा कायदा होता तिथे एक चिप फिरली नाही, आणि जिथे बंदीचा होता तिथे रात्रीची रोषणाई बघायला लोक पुलावर गाडी हळू करतात. सरकारला एखादी गोष्ट वाढवायची असेल तर तिच्यावर बंदी घालावी, हे माझं जुनं मत आहे. शेतकी खात्यात नोकरी केल्याने ते पक्कं झालं.

शेतकी खातं म्हणजे साखर कारखान्याचं. अंकुशनगर म्हणजेच कारखाना : महाकाळ्याच्या शिवारात समर्थ सहकारी, त्याच्याभोवती कॉलनी, आणि कॉलनीभोवती ऊस. हंगाम संपला, म्हणजे आमच्या भाषेत पट्टा पडला, की चिमणी थांबते, मळीचा वास तेवढा मागे राहतो आणि माणसांच्या खिशात बिलाचा हप्ता खुळखुळायला लागतो. पूर्वी लोक अशा वेळी तुळजापूर-पंढरपूर करायचे. आता गोव्याला जातात. घरी सांगायचं, मंगेशीला चाललो, शांतादुर्गेला चाललो. यात खोटं काही नसतं. परतीच्या वाटेवर गाडी तिथे थांबतेच, कारण तोवर देवाशी बोलण्यासारखं बरंच साचलेलं असतं.

रस्ताही सोयीचा पडतो. आमच्या बाजूने जाणारा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग बीड, सोलापूर, विजयपूर, हुबळी करत थेट अंकोल्याला समुद्रापाशी जाऊन थांबतो. आम्हीही असेच निघालो आणि तो मध्येच सोडून पणजीकडे वळलो. गाडीत नाना होते, ज्यांचा कापूस आणि मोसंबी आहे आणि त्यामुळे रक्तदाबही आहे. दाजी होते, ज्यांना सगळं माहीत असतं. आणि एक मुकादम होते, ज्यांच्याविषयी पुढे येईलच.

पणजीत धक्क्यापर्यंत सोडणारा टॅक्सीवाला मोठा गप्पिष्ट निघाला. कुठल्या बोटीवर जेवण चांगलं, कुठल्या दिवशी तिकीट स्वस्त, सगळं त्याला पाठ. नानांनी आपुलकीने त्यालाही आत चल म्हटलं. तर म्हणाला, “आमकां भितर सोडिनात.” १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला गोव्याच्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे.

नाना विचारात पडले. मग म्हणाले, “शहाणं सरकार हाय. घरच्याला सांभाळतंय, पाव्हण्याला कापतंय.”

दारात नानांचं धोतर अडलं. रखवालदाराने अर्ध्या चड्डीवाल्यांना परत पाठवायचं शिक्षण घेतलेलं होतं. धोतर अर्धं की पूर्ण, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्याने वरच्याला बोलावलं, वरच्याने आणखी वरच्याला. शेवटी धोतर पास झालं आणि चप्पल नापास झाली. टॅक्सीवाल्याने डिकीतून आपले बूट काढून दिले. गोव्याच्या माणसाला बंदी आहे, गोव्याच्या बुटाला नाही.

आत शिरेपर्यंत आमच्या डोक्यात कॅसिनो म्हणजे इंग्रजी सिनेमातला. काळा कोट, गळ्याला बो, हातात काचेचा पेला, आणि एका डावात बंगला गेला तरी पापणी न हलवणारा माणूस. प्रत्यक्षात समोर जे दिसलं ते आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपेक्षा फार वेगळं नव्हतं. सुरतेचे, हैदराबादचे, बेळगावचे, सांगलीचे लोक, बरेचसे शर्ट बाहेर काढलेले. स्टेजवर हिंदी गाणी. तिकिटातच जेवण आणि थोड्या चिप्स, त्यामुळे निम्मी जनता टेबलाशी नव्हतीच, ताटापाशी होती. जैन जेवणाची वेगळी सोय. बायका-पोरं घेऊन आलेली कुटुंबं. पंचतारांकित हॉटेलात यंत्राचा दांडा ओढणाऱ्या मोजक्या साहेबांचा हा खेळ तीस वर्षांत लग्नाच्या वऱ्हाडाचा झालाय. नानांनी जेवणाच्या पदार्थांचा मनातल्या मनात बाजारभावाने हिशेब करून जाहीर केलं की तिकीट वसूल व्हायला अजून दोन वाट्या गुलाबजाम लागतील.

टेबलांवर विलायती खेळ होतेच, पण गर्दी होती तीन पत्तीला. तिला तिथे इंडियन फ्लश म्हणतात. पलीकडे अंदर-बाहर, म्हणजे आमच्याकडे झन्ना-मन्ना म्हणून पोलीस ज्याला धरतात त्याचा चुलतभाऊ. मला गहिवरून आलं. आमच्या भागात तीन पत्तीला तिरट म्हणतात आणि ती वर्तमानपत्रात नेहमी एकाच चालीत छापून येते : अमुक शिवारात लिंबाच्या झाडाखाली काही इसम गोलाकार बसून, स्वतःच्या फायद्याकरिता, विनापरवाना, तिरट नावाचा जुगार खेळताना मिळून आले; बावन्न पत्ते व रोख रक्कम असा मुद्देमाल जप्त; कलम बारा (अ). इथेही इसम गोलाकारच बसलेले होते. स्वतःच्या फायद्याकरिताच बसलेले होते. पत्ते बावन्नच. फक्त लिंबाच्या जागी झुंबर होतं, आणि ‘विनापरवाना’तला ‘विना’ गळाला होता. त्या दोन अक्षरांची किंमत गोवा सरकार दर वर्षी कोटींत वसूल करतं. विरोधात असताना मांडवीतून जहाजं हलवायचा निर्धार आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ, ही तिथल्या राजकारणाची भरती-ओहोटी आहे.

दाजींनी आम्हाला रूलेटच्या चाकापाशी नेलं आणि शिकवणी घेतली. चाकावर शून्य धरून सदतीस घरं. एका आकड्यावर शंभर लावले आणि लागला, तर पस्तीस पट मिळतात आणि आपले शंभर परत. म्हणजे सदतीसात छत्तीस. शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे चाक खातं. ज्या चाकाला दोन शून्यं असतात ते सव्वापाच खातं, त्याच्याकडे बघायचंही नाही.

“आन् मटका?” नानांनी विचारलं.

मटक्यात आकडे दहा आणि एका रुपयाला मिळतात साधारण नऊ. म्हणजे शंभरामागे दहा रुपये खायवालाच्या, म्हणजे सट्टा घेणाऱ्याच्या, घशात.

नाना बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. तरुणपणी त्यांनी कल्याण आणि वरळी दोन्ही मनोभावे खेळलेलं. त्या धंद्याची सुरुवातच कापसापासून : न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी भावाची अडचणच दूर केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, मग पत्ते. कापूस गेला, ओपन आणि क्लोज राहिलं. नानांचं दुःख निराळं होतं. “कापूस आमचा, भाव त्यांचा, आकडा मुंबईचा, आन् दहा टक्के खाल्ले ते आपल्या बसस्टँडवरच्या टपरीवाल्यानं! इथं पावणेतीनच खातेत. इतकी वर्षं चुकीच्या दुकानात गेलो म्हणायचं.”

मग कराचं कळलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस टक्के झाला. चुकून जिंकलात तर प्राप्तिकर तीस टक्के निराळा. हा हिशेब ऐकून मुकादम पहिल्यांदा बोलले : “म्हंजे चाक खातंय पावणेतीन आन् सरकार चाळीस? मग लोकं चाकाकडं काय बगत बसलेत?”

आता मुकादमांविषयी. ऊसतोडीत जुगार कुणाचा असेल तर तो उचलीचा. हंगामाच्या कितीतरी आधी मुकादमाला लाखांत उचल द्यायची आणि टोळी येईल अशा भरवशावर बसायचं. टोळी येते, किंवा अर्धी येते, किंवा आपली उचल घेऊन दुसऱ्याच कारखान्याच्या फडात उतरते. मुकादमांनाही मजुरांनी असंच बुडवलेलं असतं, त्यामुळे या साखळीत नक्की कोण हरतं हे आजवर कुणाला सापडलेलं नाही. तर आमच्या मुकादमांच्या चिप्स संपल्या. ते शांतपणे उठले, रोखपालाच्या खिडकीशी गेले आणि त्या इस्त्रीच्या कपड्यातल्या पोराला म्हणाले, “साहेब, उचल किती देता?”

पोराला कळेना. मुकादमांनी समजावून सांगितलं : आज तुम्ही रक्कम द्यायची, पुढच्या हंगामाला मी तीस माणसं घेऊन येतो, ती तुमच्याकडे खेळतील. हवं तर स्टँपवर लिहून देतो. पोर आत गेलं, बाहेर एक साहेब आला, त्याने मुकादमांना मोठ्या अदबीने खुर्ची दिली आणि आपलं कार्ड दिलं. नंतर दाजी म्हणाले की यात हसण्यासारखं काही नाही, असे गट आणून देणारे लोक त्या धंद्यात खरंच असतात आणि त्यांना कमिशन मिळतं. त्या पूर्ण जहाजावर धंदा समजलेला एकच माणूस आमच्या गाडीतून आलेला होता.

आम्ही किती हरलो ते विचारू नका. मंगेशीला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो, एवढं सांगतो.

परतल्यावर लिंबाच्या झाडाकडे बघायची माझी नजर बदलली. तिथे कुणी हरला तर पैसा जायचा कुठे? शेजारच्या आळीत. डावात जिंकलेली एक मोटारसायकल आमच्या ओळखीत अजून धावते. जिंकलेला चालवतो आणि हरलेला मागे बसून अंबडला जातो. शिवाय धाकही होता. लांबून सासरा येताना दिसला की डाव मोडायचा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे द्यूतप्रतिपदेला, खेळायला देवाधर्माचीच परवानगी. जहाजावर गेलेला पैसा मात्र शेजारच्या आळीत येत नाही. आणि फोनवरचा? तो तर कुणाकडे गेला हेही समजत नाही. सासरा सोफ्यावर शेजारी बसून बातम्या बघत असतो आणि जावई त्याच सोफ्यावर एका अंगठ्याने वावर हरत असतो. २०२५ पर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरच याच धंद्यातल्या कंपनीचं नाव होतं, मग त्या जावयाला जुगारी तरी कसं म्हणायचं?

हा विषय थेट विधिमंडळात पोचला तो जुलै २०२५ मध्ये. तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात फोनवर रमी चालू असतानाचा व्हिडिओ फिरला. त्यांचं म्हणणं, मध्येच आलेली जाहिरात घालवत होतो. काही दिवसांत त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. त्यात काहींना शिक्षा दिसली. मला खातेवाटपात पहिल्यांदाच आवडीनिवडीचा विचार झालेला दिसला. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बंदीचा कायदा म्हटल्यावर मला गोव्याचा १९७६ आठवला आणि मी दाजींना विचारलं, याला पहिलं भोक किती वर्षांनी पडेल? दाजी पैज लावायला तयार झाले. मी आवरलं.

पण आमच्या राज्याचा खरा जुगारबंदी कायदा १८८७ चा आहे, आणि तो मी कुतूहलाने चाळला. मुंबईत त्या काळी पावसावर सट्टा चालायचा, म्हणून त्यात पाऊसही आला : पाऊस पडणं, न पडणं, किती पडणं, यावर पैसे लावायचे नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो कोसळला त्यावर कुणी लावले असते तर खायवाल गोदावरी ओलांडून पळाला असता. हे वाचलं त्या दिवशी मे महिन्याचा शेवट होता, आभाळात ढगाचं नाव नव्हतं, आणि नाना कापसाची धूळपेरणी करत होते. जमीन कोरडी ठाक. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या पुढे. नाही आला तर बी मातीत भाजून जातं आणि पुन्हा नव्या बॅगा आणायच्या.

मी बांधावर जाऊन कायदा वाचून दाखवला. म्हटलं, “नाना, हा सरळसरळ गुन्हा आहे. पावसावर पैसे लावलेत तुम्ही. कधीही धाड पडू शकते.”

नानांनी टोपी काढून घाम पुसला. “पडू द्या की. मुद्देमाल हितंच हाय, चार बोटं खाली. उकरून न्या म्हणावं. आन् पंचनाम्याला येताना टँकर घेऊन या.”