घसा कशासाठी फवारला?

दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या द्राक्ष बागाईतदाराची वही उघडून पाहा. युरोपला माल पाठवायचा तर कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, लिटरला किती टाकलं, कोणत्या रोगासाठी मारलं, सगळं लिहून ठेवावं लागतं. वर लॅबचा अहवाल. २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हापासून ‘रेसिड्यू’ हा शब्द पारावरही ऐकू येतो.

हाच बागाईतदार घसा धरला म्हणून नाशकात दवाखान्यात येतो. दोन मिनिटांत चिठ्ठी हातात : अझिथ्रोमायसिन पाचशे, तीन दिवस. कशासाठी? त्याने विचारलं नाही, डॉक्टरांनी लिहिलं नाही. घड कशासाठी फवारला याची नोंद आहे, धन्याचा घसा कशासाठी फवारला याची नाही.

बहुतेक सर्दी-खोकले विषाणूंचे, आणि विषाणू अँटिबायोटिकला भीक घालत नाहीत. हे डॉक्टरांना ठाऊक नाही असं कोण म्हणेल? राज्यभरच्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. पण तिथल्या पेपरात ‘पेशंट दारात उभा राहून जरा स्ट्राँग द्या म्हणतो, तर काय कराल?’ हा प्रश्न येत नसावा. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस. पेशंटला संध्याकाळपर्यंत बरं व्हायचंय. नुसतं गरम पाणी आणि आराम सांगितला, तर ‘त्यांच्या हाताला गुण नाही राव’ एवढं सिडकोत पसरायला रिपोर्टाइतका वेळ लागत नाही.

याचं बिल फाटतं ते दुसरीकडे. टायफॉइडवर एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिनने काम भागायचं. जंतू त्याला सरावले; आता त्याच्या भरवशावर कोणी राहत नाही.

सरकार गप्प बसलंय असंही नाही. २०१४ पासून ‘एच-वन’ यादी आहे. त्यातली सेफिक्झिमसारखी औषधं विकली की मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते तीन वर्षं जपायचं. डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कोणतं, किती दिलं. सगळ्याला जागा आहे. ‘कशासाठी’ला नाही. मग जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालक डॉ. अतुल गोयल यांनी पत्रच काढलं : अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा. पत्र गेलं मेडिकल कॉलेजांच्या डॉक्टरांना आणि संघटनांना. गल्लीतल्या दवाखान्याच्या टेबलावर अजून तरी औषध कंपनीचं कॅलेंडरच दिसतं.

संघटना मात्र जाग्या आहेत. म्हसरूळच्या विद्यापीठाचा सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची वैद्यक परिषदेत नोंदणी नको, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांच्या आयएमए या संघटनेने राज्यभर संप केला. ॲलोपॅथीची चिठ्ठी कोणी लिहायची यावर दवाखाने बंद राहिले. मुद्दा बिनमहत्त्वाचा नव्हे. पण ती कधी लिहायची नाही, यावर एखाद्या तासाचंसुद्धा पेन-बंद आंदोलन झाल्याचं ऐकिवात नाही.

तरी समजा, उद्या कारण लिहिणं खरोखर सक्तीचं झालं आणि डॉक्टरांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं, तर मेडिकलच्या काउंटरवर काय काय वाचायला मिळेल! ‘कारण : परवा मुलीचा साखरपुडा.’ ‘कारण : मागच्या वेळी यानेच गुण आला म्हणतात.’ ‘कारण : नाही दिलं तर समोरचा देतोच.’ ‘कारण : निदान नाही, पण फी घेतली आहे.’ आणि मेडिकलवाला त्याच्या सवयीने विचारेल, ‘तीनच्या तीन देऊ, की सध्या दोनच?’