बटणाच्या पोटातला झिरो

गिझर बिघडला की त्याच्या प्रकृतीची चौकशी अख्खं घर करतं. कॉइल गेली असेल, थर्मोस्टॅट गेला असेल, पाण्यातल्या क्षारांचा थर बसला असेल. शेजारचे येऊन टाकी ठोकून बघतात. पण न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर ओल्या हातांचे फटके खात उभ्या असलेल्या त्याच्या बटणाला कधी कुणी ‘बरं आहे ना?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. बटण म्हणजे खटका. खाली केला की चालू, वर केला की बंद, त्याला कसली आलीय तब्येत!

आणि बटण तर आजारी पडण्याआधी रीतसर कळवतं. आधी आंघोळीनंतर हाताला कोमट लागतं. मग पांढऱ्या पट्टीवर चहा सांडल्यासारखा तांबूस डाग उमटतो. मग चुरचुर ऐकू येते. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे वास. बटणाचं प्लास्टिक, त्यातही युरियाच्या जातीचं, फार तापलं की मासळीसारखा वास सोडतं. जगभरचे वायरमन सांगतात, घरात मासे नसताना माशांचा वास आला तर आधी बोर्ड बघा.

आता हा सल्ला कोन गावात कसा चालायचा? कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की लगेच कोन येतं. खाली उल्हासची खाडी, आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती. इथे सुकट, बोंबील, जवळा घरात नसेल तर ती बातमी! सकाळी सातला बोर्डातून मासळीचा दरवळ सुटला तर घरची माणसं फार तर दुपारच्या जेवणाचा अंदाज बांधतील. खाडीची दमट हवा आणखी एक काम करते. तारेच्या टोकाचं तांबं ती हळूहळू काळं पाडते, आणि काळं पडलेलं तांबं विजेला नीट वाट देत नाही.

इथे थोडं गणित करायला हरकत नाही, आकडे गमतीचे आहेत. तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या बटणाला हे ओझं झेपतं. पण आतला स्क्रू अर्धा आटा जरी ढिला असला, तरी त्या जागी एक दशांश ओहमचा अडथळा उभा राहू शकतो. इंग्लंडातल्या एका बिअर बनवणाऱ्या घराण्यातला मुलगा जेम्स जूल, त्यानं १८४० साली दाखवून दिलं की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. तेराचा वर्ग १६९, त्याचा दहावा भाग सुमारे १७ वॅट. आपल्याकडचा तो जुना झिरोचा बल्ब नावालाच झिरो, खायचा पंधराच्या आसपास वॅट. म्हणजे चिमुकल्या बटणाच्या पोटात एक झिरोचा बल्ब अहोरात्र नाही, पण आंघोळभर जळतोय, आणि त्याचा उजेडसुद्धा पडत नाही. तापलं की तांबं आणखी काळवंडतं, तापून-निवून स्क्रू आणखी सैल होतो, अडथळा वाढतो. अर्धा ओहम झाला की ८५ वॅट. मग बटण वितळतं.

‘मग एमसीबी पडली कशी नाही?’ हा प्रश्न घरातला कर्ता पुरुष वायरमनला दरडावून विचारतो. ती बिचारी पडणार कशी? तिची राखण जादा प्रवाहावर. इथे प्रवाह जादा नाहीच, उलट वाटेतल्या अडथळ्यानं केसभर कमीच. गळती पकडणाऱ्या ब्रेकरचंही तेच; गळत काहीच नाही. दारावरचा पहारेकरी चोराची वाट बघतोय आणि आग स्वयंपाकघरात लागलीय.

मला खरा राग येतो तो आपल्या दुरुस्तीचा. नवं बटण आणायचं आणि जुनी करपलेली तार तशीच त्यात कोंबायची. भोकात तार मावत नाही म्हणून सातांतल्या दोन तारा पकडीनं उडवायच्या. वर काळी टेप. कुणी त्याहून धाडसी, ‘डायरेक्ट करून देऊ का?’ म्हणतो. खरं काम एवढंच: मेन बंद करायचा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत जळकी तार कापून टाकायची, दीड चौरस मिलिमीटरची असेल तर चारची ओढायची, दोन्ही बाजू तोडणारा मोठा डीपी स्विच बसवायचा आणि स्क्रू असा आवळायचा की तार ओढून सुटता कामा नये. याला कारागिरी लागत नाही, मनगट लागतं.

आणि मनगटांना भिवंडीत काय तोटा! इथल्या यंत्रमागांच्या धक्क्यानं नट ढिले होतात, म्हणून पाना हातात घेऊन दिवसभर मागांमधून फिरणारा जॉबर इथे हवा तितका. ढिलं म्हणजे काय, हे या तालुक्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण पाना कारखान्यात राहतो.

विलायतेतही सुख नाही म्हणा. तिथे वाहतं पाणीच तापवणारे नऊ-नऊ किलोवॅटचे शॉवर असतात, म्हणजे जवळजवळ ३९ अँपिअर. ओला हात बटणाला लागू नये म्हणून छतातून दोरी लोंबते. ती ओढून ओढून वरचा खटका सैल होतो आणि छताला तांबूस डाग पडतो. लंडनच्या मराठी घरात तो वरच्या मजल्याच्या गळतीच्या खात्यावर जमा होत असणार.

कोनातलं बटण मात्र मुहूर्त साधून जळतं. यात दैव काही नाही. रोज पंधरा मिनिटं तापणारा खटका हळदीच्या दिवशी पहाटेपासून चालू राहतो. मामाकडचे, आत्याकडचे, मुंबईहून आलेले, सगळ्यांच्या आंघोळी एका गिझरवर. नवरदेवाच्या नंबराला फट्ट होतं. मग मागच्या अंगणात चूल पेटते, मटणाआधी पाण्याचा टोप चढतो आणि गावच्या वायरमनची शोधाशोध होते. तो सापडायला वेळ लागत नाही, मांडवातच असतो.

‘दादा, जरा बोर्ड बघ ना रे.’

‘काकी, आज पाहुणा म्हणून आलोय. मेन बंद केला तर डीजे बंद पडेल, चालेल?’

काकी मांडवाकडे बघतात, टोपाकडे बघतात आणि टोपाखाली आणखी दोन लाकडं सारतात.