उतरलेल्या मुकुटांचा भाव

पॅरिसच्या उत्तर वेशीवर साँतुआँचा जुना बाजार भरतो. झारच्या घराण्याच्या फोटोंचा भाव ठरवायची तिथली रीत सरळ आहे : अंगावर हिरे जास्त, तर पैसे जास्त. छातीभर पदकं लावलेल्या ग्रँड ड्यूकची किंमत ऐकली की मी नमस्कार करून पुढे सरकतो. तोच ग्रँड ड्यूक क्रांतीनंतर विटका स्वेटर घालून परक्याच्या बागेत बसलेला असला, की आमचं जमतं. १९१७ ने रोमानोव्हांचं वाटोळं केलं हे खरंच. पण त्यामुळेच ते माझ्या आवाक्यात आले.

शिवाय मला आवडतातही तेच. क्रांतीआधीचा स्टुडिओतला फोटो म्हणजे खांब, पडदा आणि दाढी. दाढ्याही साऱ्या एका न्हाव्याच्या हातच्या. दुसरा निकोलस आणि इंग्लंडचा पाचवा जॉर्ज हे मावसभाऊ १९१३ साली बर्लिनमध्ये जर्मन गणवेश घालून शेजारी उभे राहिले. त्या फोटोपुढे भलेभले गोंधळतात.

खरेदीला भिंग लागतं. त्याखाली छपाईचे ठिपके दिसले तर तो फोटोच नव्हे. पुठ्ठ्यावर पीटर्सबर्गच्या 'बोआसोना ए एग्लेर'चं नाव असलं तर बोलणी सुरू. पांढऱ्या झग्यातली कुठलीही उदास मुलगी विक्रेता झारची मुलगी 'अनास्तासिया' म्हणून पुढे करतो. अॅना अँडरसनचा तसला दावा डीएनए चाचणीने १९९४ मध्ये निकालात काढला, पण बाजारात अनास्तासिया जन्मायच्या काही थांबलेल्या नाहीत.

मागे आई साताऱ्याहून आली. भिंतीकडे पाहून म्हणाली, "एवढी माणसं गेली आणि एकालाही हार नाही?" मग मी एकेकाची ओळख करून दिली.

झारची आई मारिया फ्योदोरोव्हना १९१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेवरून क्रिमिया सोडून निघाली आणि माहेरी, डेन्मार्कला राहिली. राजा दहावा क्रिस्टियन हा तिचा भाचा. त्याने दिवे कमी जाळा असा निरोप धाडला, तर आत्याबाईंनी घरातले होते नव्हते ते सगळे दिवे लावायला सांगितले, अशी गोष्ट आहे.

"बिल कोण भरायचं?"

"भाचाच."

"मग त्याचं काय चुकलं?"

फेलिक्स युसुपोव्ह रासपुतीनच्या खुनातला. त्यावरच्या सिनेमात आपली बदनामी झाली म्हणून त्याची बायको इरिना लंडनच्या कोर्टात गेली आणि १९३४ मध्ये २५,००० पौंड मिळवून आली.

"खून नवऱ्याचा आणि भरपाई बायकोला?" आई फोटोजवळ गेली. "हुशार दिसतेय."

झारची चुलतबहीण मारिया पाव्लोव्हनाने पॅरिसमध्ये यंत्रावरचं भरतकाम शिकून 'कितमिर' नावाचा व्यवसाय काढला आणि शानेलचे कपडे सजवले. झारची बहीण ओल्गा १९४८ मध्ये कॅनडाला गेली, तिथे शेतावर राहिली, फुलांची चित्रं रंगवली आणि १९६० मध्ये टोरांटोत केशभूषेच्या दुकानावरच्या घरात वारली. या दोघींपाशी आई बराच वेळ थांबली.

शेवटी झारचा चुलतभाऊ किरिल. त्याने १९२४ मध्ये स्वतःला सम्राट घोषित केलं आणि ब्रिटनीतल्या साँ-ब्रिआक नावाच्या गावातून दरबार चालवला. मुलगा मेला हेच न मानणाऱ्या मारिया फ्योदोरोव्हनाला ते मुळीच रुचलं नाही. पडलेल्या वाड्याच्या खिडक्या कुणाच्या, यावरून चाललेली ही भाऊबंदकी आईला अजिबात समजावून सांगावी लागली नाही.

त्याच दुपारी तिने माझ्याकडून सगळे खिळे उपटून घेतले आणि भिंत नव्याने मांडली. आता मधोमध भरतकामवाली आणि चित्रवाली आहेत, त्यांच्या शेजारी पंचवीस हजारवाली. आत्याबाई दिव्याच्या बटणाशेजारी. माझ्या संग्रहातला सगळ्यात महागडा फोटो, पूर्ण गणवेशातला किरिल, बाथरूमच्या वाटेवर आहे. "राज्य नाही आणि सम्राट म्हणे," आई म्हणाली, "त्याला तिथंच राहू दे, येणारा-जाणारा दर्शन घेईल."