कॉलर माइकच्या खोक्यावर ‘रेंज २०० मीटर’ छापणाऱ्या महोदयांस

परमादरणीय महोदय,



आपले शुभनाव मला ठाऊक नाही. हजार-दीड हजारांच्या बिनतारी कॉलर माइकच्या खोक्यावर ‘रेंज २०० मीटर’, ‘स्टुडिओसारखा आवाज’, ‘बॅटरी २४ तास’ हा मजकूर आपण लिहिता, एवढीच आपली ओळख. कंपन्यांची नावे बदलतात, माइकच्या डबीचा रंग बदलतो, पण मजकूर अक्षरशः तोच राहतो. तेव्हा लेखक एकच असावा असे धरून हे पत्र थेट आपल्या चरणी.

सर्वप्रथम त्या २०० मीटरबद्दल आभार. आपण तो आकडा छापला नसता, तर रेडिओलहरी कशा चालतात याचा अभ्यास करायची वेळ माझ्यावर आली नसती. आपला माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, कारण या पट्ट्याला परवाना लागत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त पडतो. पण त्याच पट्ट्यात घरोघरचे वाय-फाय चालते, ब्लूटूथ चालते, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच. या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, आणि माणसाच्या शरीरातले पाणी ती शोषून घेते. माइक छातीवर आणि बोलणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली, की त्याचे स्वतःचे शरीरच वाटेत भिंत होते. आपली मोजणी मोकळ्या मैदानात, दोन यंत्रे समोरासमोर ठेवून, मध्ये चिटपाखरू नसताना झालेली असणार. आम्ही माणसांचे चित्रण करतो, महोदय. माणसे वळतात.

दिवेघाटाबद्दलही आपले आभार मानायचे राहिले. पालखी घाट चढत होती. परभणीकडच्या एक आजी, डोक्यावर तुळस, नवरा गेल्यानंतरची पहिली वारी का करावीशी वाटली ते चालता चालता सांगत होत्या. त्या एकदा दिंडीकडे वळल्या, मधून माणसांची रांग गेली, आणि लहरी झेलणारा आपला रिसिव्हर गप्प झाला. त्या घाटात खिशाखिशात मोबाइल, प्रत्येकाचे ब्लूटूथ चालू, आणि चहूकडे घामेजलेली शरीरे. अडथळ्याला यापेक्षा चांगली जागा कोणती? चित्र माझ्याकडे आहे. आजींचे ओठ हलतात, हात वर जातो, डोळे पुसले जातात. आवाज दोन शब्द येतो, चार शब्द जातो. ‘आजी, पुन्हा एकदा सांगा’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? आणि दिंडी थांबत नाही. त्या पुढे गेल्या, त्यांचे नाव विचारायचेही राहिले. आपल्या लेखी ही एक ‘ग्राहक तक्रार’ असेल. माझ्या लेखी एका बाईने आयुष्यात एकदाच उच्चारलेली वाक्ये गेली.

अशा वेळी वाचवणारी सोय जगात आहे, हे आपण खोक्यावर छापत नाही, याबद्दलही ऋणी आहे. रोड कंपनीच्या २०२१ च्या ‘वायरलेस गो टू’मध्ये छातीवरची डबी स्वतःच आवाज साठवते. हवेतून काही पोचो न पोचो, मूळ प्रत तिच्या पोटात राहते. पैसा खर्चायचाच तर तो इथे खर्चावा, असे माझे ठाम मत आहे. ही सोय स्वस्त माइकमध्ये सहसा नसते, आणि मोठ्या कंपन्यांच्या लहान माइकमध्येही नेहमी नसते; २०२४ साली आलेल्या डीजेआयच्या ‘माइक मिनी’त ती नाही. नसण्याला माझी हरकत नाही. ‘या डबीत आवाज साठत नाही’ एवढी एक ओळ छापायला शाई किती लागते?

आपल्या ‘एआय नॉइज कॅन्सलेशन’च्या निळ्या बटणाला तर कोपरापासून नमस्कार. त्याने पंखा जातो, मोटारीची घरघर जाते, हे खरे. पण संथ, सलग चालणारा कोणताही आवाज त्याला गोंगाटच वाटतो. त्यामुळे वीणेचा झंकार जातो, टाळ पत्र्यासारखे तुटक वाजतात, जात्याची घरघर जाते आणि ओवीचा लांबवलेला सूर मध्येच विरतो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार बोथट होते. बोलणारी व्यक्ती बादलीत तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येते. काही डब्यांत हे बटण कारखान्यातूनच चालू येते, आणि ते बंद कसे करायचे हे माहितीपत्रकात नसते. आपल्या कृपेने आम्ही लोकगीतांतून लोकही काढले आणि गीतही.

रिसिव्हरला हेडफोनचे भोक न ठेवण्याचा विचार कुणाचा होता, त्यांनाही माझा सादर प्रणाम पोचवावा. फोनचे एकुलते एक तोंड रिसिव्हरने अडवलेले, चित्रण चालू असताना काय रेकॉर्ड होते आहे ते ऐकायचा मार्ग नाही. आवाज फाटला हे घरी आल्यावर कळते.

‘सर्व उपकरणांना चालतो’ या वाक्याबद्दलही धन्यवाद. कॅमेऱ्याला दोन काळ्या रेघांची पिन लागते, फोनच्या गोल भोकाला तीन रेघांची, आणि खोक्यात वायर एकच. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. त्यानंतरही जुन्या लायटनिंग पिनेचे रिसिव्हर त्याच ‘सर्व’ या शब्दाखाली विकले जातात.

आता हात जोडून एक विचारतो. हा माइक घेते कोण, हे आपण कधी पाहिले आहे का? लाखांची उलाढाल असलेला निर्माता आपल्या वाटेला येत नाही; तो सेन्हायझर किंवा सोनीचे यूएचएफ संच घेतो. आपले खोके घेतो सोयाबीनवरची कीड दाखवणारा लातूरकडचा पोरगा. घेतात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, शेजारच्या वर्गाच्या गोंगाटात धडा रेकॉर्ड करणाऱ्या. घेते तालुक्याच्या बातम्या एकटीने करणारी मुलगी, जिला सरपंच एकदाच उत्तर देतो. हे लोक दुसरा माइक घ्यायला चार महिने थांबतात. आपल्या आकड्यावर विश्वास ठेवणारे तेवढेच आहेत, आणि नेमके त्यांनाच आपण निवडले, याचा मला राग येतो.

आपल्या परवानगीने त्यांना दोन शब्द सांगतो. आपण ऐकले तरी हरकत नाही. बोलणारी व्यक्ती एका जागी बसणार असेल, तर बिनतारी माइकच्या वाटेला जाऊ नका. सहा मीटर वायरचा साधा कॉलर माइक याहून स्वस्त मिळतो आणि त्याला कुणाचे वाय-फाय अडवत नाही. माणूस चालणारच असेल, तरी वायरचा माइक दुसऱ्या फोनला जोडून तो फोन त्याच्या खिशात ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संगणकावर टाळीला टाळी जुळवली की झाले. काम जरा वाढते, पण आवाज तुटत नाही. माइक हनुवटीखाली वीतभर असू द्या. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने पडतो, आणि मग कुठलेही बटण दाबले तरी खोलीचा घुमाराच जास्त ऐकू येतो. वारा असेल तर केसाळ टोपी घाला, पातळ स्पंज पुरत नाही.

आणि बिनतारी घेतलाच, तर परतीची मुदत संपायच्या आत भर बाजारात जा. माइक छातीवर, फोन मित्राच्या हातात. पाठ फिरवून बोलत चालत राहा. मग हेडफोन लावून ऐका, पहिला शब्द कुठे तुटतो ते पाहा आणि ते अंतर खोक्यावर पेनाने लिहून ठेवा. निळे बटण चालू आणि बंद, दोन्ही वेळा ऐका. तुटले तर परत करा. लाजू नका.

आपल्याकडे माझे मागणे लहान आहे, महोदय. पुढच्या खोक्यावर २०० च्या खाली एक आकडा आणखी छापा: गर्दीत, वाय-फाय चालू असताना, बोलणाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे असताना किती मीटर. तो आकडा १२ असला तरी चालेल. मी तोच माइक घेईन, आणि पुढच्या आषाढीला बोलणाऱ्यापासून दहा मीटरच्या आत चालेन.

कळावे.

आपला,
कॅमेऱ्यामागचा एक ग्राहक